गेमचा पहिला कॉम्प्युटर : पैसा कुठे घालावा

मुलासाठी गेमचा कॉम्प्युटर जुळवायला गेलात, की दुकानदार आधी प्रोसेसरचे मोठे नाव ऐकवतो. 'आय-सेव्हन' म्हटल्यावर भाळू नये, कितव्या पिढीचा ते विचारावे. दहा-बारा वर्षांपूर्वीचा आय-सेव्हन अलीकडच्या आय-थ्रीपुढे मागे पडतो. गेमचे चित्र ग्राफिक्स कार्ड उमटवते; रकमेचा तिसरा हिस्सा, जमल्यास थोडा जास्त, तिथे घालावा. हात आखडता असेल तर रायझन ५ ५६००जी घ्यावा. त्यात चित्राची सोय आतच असते, हलके गेम चालतात. कार्ड पुढे सवडीने.

जुनी कार्डे स्वस्त मिळतात, पण सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे मायनिंग थांबल्यावर रात्रंदिवस राबलेली पुष्कळ कार्डे बाजारात आली. तासभर गेम चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

रॅम १६ जीबीच्या एका पट्टीऐवजी ८-८ च्या दोन घ्याव्यात, काम वेगाने होते.

काटकसर नको ती पॉवर सप्लायमध्ये. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या डब्यावरचे '४५० वॅट' म्हणजे आमच्या बाजारातले 'शुद्ध सुती'! तो जळताना बोर्ड आणि कार्डही घेऊन जाऊ शकतो. नावाजलेल्या कंपनीचाच घ्यावा, आणि प्रत्येक भागाचे पक्के बिल सीरियल नंबरासह मागावे. वॉरंटीच्या वेळी तेच लागते.