रक्ताचा दाब

मनगटावर बोट ठेवलें असतां जी नाडी लागते, ती हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर धमन्यांतून धांवणारी लाट होय. हृदय आकुंचन पावतें तेव्हां धमनीच्या भिंतीवर दाब अधिक पडतो, सैल होतें तेव्हां कमी. म्हणूनच डॉक्टर दोन आंकडे सांगतात. निरोगी प्रौढ मनुष्यांत ते सुमारें १२० व ८० असतात, म्हणजे तो दाब तितके मिलिमीटर उंच पारा तोलून धरतो. ते वारंवार १४० व ९० पर्यंत किंवा त्यापुढें जाऊं लागले, कीं रक्तदाब वाढला असें सामान्यतः समजतात.

हा दाब मोजण्याची कल्पना एका इंग्रज धर्मोपदेशकाची. स्टीफन हेल्स यांनीं घोडीच्या धमनींत नळी बसविली, तों रक्त आठ फुटांहून अधिक उंच चढलें! हा वृत्तान्त १७३३ सालीं प्रसिद्ध झाला. सुदैवानें १८९६ सालीं रिव्हा-रोची यांनीं दंडावर बांधावयाचा पट्टा काढला, आणि घोडीचे हाल मनुष्याच्या वांट्यास आले नाहींत.

या विकाराची खरी भीति ही, कीं तो बहुधा दुखत नाहीं. रोगी हिंडतो, फिरतो, काम करितो; आंत मात्र धमन्या ताठर होतात, हृदयाचा स्नायु जाड होतो, मूत्रपिंडें व डोळ्यांचे पडदे बिघडतात. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा दाब मार्च १९४४ मध्यें १८६ व १०८ भरला. त्यांस विश्रांति व कमी मीठ सांगण्यांत आलें. जनतेस मात्र प्रकृति उत्तम असल्याचें कळविण्यांत येत होतें. ता. १२ एप्रिल १९४५ रोजीं चित्रकर्त्रीसमोर बसले असतां मस्तकांत कळ आली व शुद्ध हरपली. दाब ३०० व १९० होता. मेंदूंत रक्तस्राव होऊन कांहीं तासांतच त्यांचें निधन झालें. एवढ्या बलाढ्य राष्ट्राच्या वैद्यांजवळहि त्या वेळीं खात्रीचें औषध नव्हतें.

पुढें १९४९ सालीं मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं आपल्या सर्पगंधेच्या मुळीचा गुण ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत मांडला व जगाचें लक्ष तिकडे वेधलें. आज तिच्याहून सोयीचीं औषधें आहेत. पण बरें वाटतें म्हणून तीं मध्येंच सोडणारे पुष्कळ, आणि अशांना पक्षाघाताचा धोका वाढतो. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षां, म्हणजे चमचाभरापेक्षां, कमी मीठ पुरे. आपल्या ताटांतील लोणचें, पापड व सुकी मासळी मिळून तें सहज ओलांडितात. घरांतील वडील मंडळींचा दाब मोजावयाचा असल्यास त्यांस पांच मिनिटें स्वस्थ बसवावें, हात हृदयाच्या उंचीवर ठेवावा, व मोजतांना बोलूं देऊं नये.