जुना घडीचा चाकू घेताय? आधी मालक तपासा, मग किंमत

नाचणगावात बसून संग्रहासाठी जुना घडीचा चाकू मिळवायचा, तर दोन वाटा आहेत. ओळखीच्या घरातला किंवा भंगारातून निघालेला घ्यायचा, नाहीतर ऑनलाइन परदेशातून मागवायचा. दोन्हीकडे विकणारा पात्यावरच्या नावाचे पैसे सांगतो. घेणाऱ्याने मात्र आधी विचारावे, की हा चाकू बनला तेव्हा त्या नावाचा मालक कोण होता? या धंद्यात कारखाने बंद पडले, पण नावे विकली गेली आणि दुसऱ्याच मालावर बसली.

सर्वांत बोलके उदाहरण श्रेडचे. न्यूयॉर्क राज्यातल्या एलनव्हिलचा इंपीरियल श्रेडचा कारखाना २००४ मध्ये बंद झाला. नाव टेलर कंपनीने घेतले आणि त्याच नावाचे चाकू चीनमधून येऊ लागले. २०१६ मध्ये टेलरच स्मिथ अँड वेसनच्या ताब्यात गेली. त्यामुळे ‘श्रेड’ एवढ्याच शब्दाला जुन्या मालाचा भाव देऊ नका. पात्यावर ‘यूएसए’ आहे की ‘चायना’, हे आधी पाहा. विकणारा पात्याच्या बुडाचा जवळून काढलेला फोटो देत नसेल, तर सौदा तिथेच सोडा.

अमेरिकेतल्या केस कंपनीने ही तपासणी सोपी करून ठेवली आहे. चाकू अर्धवट उघडा, उन्हात धरा आणि पाते मुठीत शिरते तिथे भिंगातून पाहा. नावाखाली बारीक ठिपके दिसतील. १९७० मध्ये दहा ठिपके होते, पुढे दर वर्षी एक कमी होत गेला. चार ठिपके म्हणजे १९७६. १९८० पासून पुन्हा दहा सुरू झाले, पण तेव्हा ‘केस’मधला ‘एस’ विजेच्या रेघेसारखा तिरपा केला गेला. कंपनी १९७२ मध्ये अमेरिकन ब्रँड्सकडे गेली, १९८९ मध्ये पुन्हा विकली गेली आणि १९९३ पासून लायटरवाल्या झिप्पोकडे आहे. म्हणून सरळ ‘एस’ असलेले दहा किंवा नऊ ठिपके मिळाले, तर चाकू पहिल्या विक्रीच्या आधीचा. त्याला चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

आपल्याकडच्या जुन्या घरांतून निघण्याची शक्यता जास्त आहे ती इंग्लंडमधल्या शेफील्डच्या मालाची, कारण इंग्रजी अमलात तो इकडे भरपूर यायचा. जोसेफ रॉजर्सची खूण चांदणी आणि माल्टीज क्रॉस अशी आहे. मुकुटाजवळ ‘व्ही आर’ असेल तर राणी व्हिक्टोरियाचा काळ, म्हणजे १९०१ पर्यंतचा. ‘जी आर’ असेल तर बहुधा १९१० नंतरचा. १९७१ मध्ये रॉजर्स आणि वॉस्टनहोम या जुन्या प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र आल्या. पुढे नाव हातोहात फिरत शेफील्डच्याच एगिंटन समूहाकडे गेले.

इथे मुठीकडे नीट पाहा. हस्तिदंती मूठ कितीही देखणी असो, भारतात हस्तिदंताचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. सांबरशिंगाचेही तेच. एकेकाळी आपल्याच जंगलांतले सांबरशिंग परदेशी चाकूंच्या मुठींसाठी जायचे. आता ती निर्यात बंद आहे. अशा मुठीचा चाकू स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका आणि परदेशातून तर मुळीच मागवू नका.

स्विस चाकूंचे प्रकरण सरळ आहे. व्हिक्टोरिनॉक्सने वेंगर २००५ मध्ये घेतली आणि २०१३ पासून वेंगर नावाने चाकू काढणे थांबवले. आज वेंगरच्या बॅगा आणि घड्याळे मिळतात, म्हणून चाकूही नवाच आहे असे कोणी सांगितले तर मानू नका. मला विचाराल तर नवशिक्याने सुरुवात व्हिक्टोरिनॉक्सपासून करावी. साहित्य आणि बनावटीतल्या दोषाला आजीवन हमी आहे, झीज मात्र त्यात धरत नाहीत.

आता परदेशातून मागवण्याचा हिशेब. समजा, चाकू ३० डॉलरचा आणि पाठवणी २० डॉलरची. डॉलर ९० रुपये धरला तर ४,५०० रुपये झाले. बँकेने कार्डावर ३.५ टक्के परकीय चलन शुल्क लावले तर १५७ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे २८. म्हणजे ४,६८५ रुपये कस्टमच्या आधीच गेले. कस्टम ड्युटी नुसत्या चाकूवर लागत नाही, तर पाठवणी आणि विमा धरून होणाऱ्या रकमेवर लागते. त्या सगळ्यावर पुन्हा आयजीएसटी, शिवाय कुरियरवाल्याचा हाताळणी खर्च वेगळा. ड्युटीचे दर अर्थसंकल्पात बदलतात, म्हणून मागवण्याआधी त्या महिन्याचा दर विचारा. २,७०० रुपयांच्या चाकूसाठी एवढा खर्च परवडत नाही. दोघातिघांनी मिळून मागवले तर निदान पाठवणी वाटली जाते.

घरी आलेला चाकू शिकलगाराच्या फिरत्या चाकावर देऊ नका. दोन मिनिटांत पाते झिजते आणि बुडाजवळची खूणही जाऊ शकते. सहाणेवर हाताने धार लावा, सांध्यात तेलाचा एक थेंब सोडा. गंज काढायला पॉलिश पेपर वापरू नका. जुन्या पात्याचा काळसर रंग संग्राहकाला हवा असतो.

कायद्याचेही बघा. बटण दाबताच उघडणारा चाकू घेऊच नका. साधा घडीचा चाकूही खिशात घेऊन मिरवू नका, पोलिसांचे मनाई आदेश लागू असताना तर नाहीच. विमानात तो हातातल्या बॅगेत चालत नाही.

पहिल्या खरेदीला मोठी रक्कम घालू नका. एकच कंपनी धरा, तिचे मालक कधी बदलले ती साले कागदावर लिहून घ्या आणि तो कागद हातात असल्याशिवाय कोणालाही पैसे पाठवू नका.