चंदीगडला उतरायचं तर

पोरी, पंजाब विद्यापीठात मुलाखत आहे आणि सोबत आई येणार आहे, तर खोलीचं भाडं बघण्याआधी नकाशा बघ. चंदीगडात पत्ता म्हणजे घर नंबर आणि सेक्टर. विद्यापीठ सेक्टर 14 मध्ये, शेजारी 12 मध्ये पीजीआय हे मोठं रुग्णालय. रेल्वे स्टेशन मात्र पार पूर्वेला, पंचकुल्याच्या बाजूला. स्टेशनाजवळ स्वस्त मिळालं म्हणून उतरलात, तर वाचलेले पैसे रोज रिक्षावाल्याच्या खिशात जातील. तिथला एक सेक्टर साधारण 1200 मीटर लांब नि 800 मीटर रुंद असतो. ‘बाजूच्याच सेक्टरात’ असं कुणी म्हणालं, तरी आईचे गुडघे ध्यानात ठेव.

पैसे वाचवायचे तर आधी भवनांना फोन लाव. सेक्टर 24 मध्ये यात्री निवास, 18 मध्ये पंचायत भवन, 35 मध्ये किसान भवन. बाहेरच्यांना खोली मिळते का, आधी पैसे भरावे लागतात का, एवढं विचारून घे. 22 आणि 35 मध्ये हॉटेलं पुष्कळ, पण लग्नसराईत आणि सिमल्याकडे जाणाऱ्यांच्या गर्दीत भाव चढतात. शहर आखलं गेलं तेव्हा काही जुनी गावं सेक्टरांच्या पोटात तशीच राहिली. 45 मधलं बुडैल, 52 मधलं कजहेडी. तिथले लॉज स्वस्त असतात. पण खोली दिवसाउजेडी बघायची, आतून कडी लागते का ते स्वतः लावून बघायचं, आणि मगच पैसे द्यायचे. दोघी बायकाच आहात, रात्री उशिरा पोचणार असाल तर तिकडे जाऊच नका.

माझ्या मते तुमच्यासाठी गुरुद्वाराच चांगला. नांदेडला आपण गुरुद्वाऱ्यातच उतरलो होतो, ते तुला आठवत असेल. चंदीगडात सेक्टर 34, 19, 8 अशा ठिकाणी गुरुद्वारे आहेत. राहायची सोय कुठे आहे ते तिथल्या कार्यालयात विचारायचं, आधार कार्ड दाखवायचं. जात-धर्म कुणी विचारत नाही. डोक्यावर ओढणी, पायांत चप्पल नाही. आईची मिश्रीची डबी मात्र घरीच राहू दे. तंबाखू तिथं चालत नाही, आणि लपवून नेणं म्हणजे ज्यांनी आसरा दिला त्यांचा अपमान. लंगरमध्ये पंगतीत बसल्यावर रोटी दोन्ही हात पुढे करून घ्यायची, ताटात मागायची नाही. हवं तेवढंच घ्या, टाकू नका. जेवण झाल्यावर भांडी घासायला आई नक्की उठेल, उठू दे तिला. निघताना गोलकात, म्हणजे दानपेटीत, ऐपतीप्रमाणे टाका.

पीजीआयच्या आवारात सराया आहेत, स्वस्तही आहेत. तिकडे मात्र वळू नकोस. पंजाब, हिमाचल, हरियाणातून आलेल्या रोग्यांचे नातेवाईक तिथं राहतात, जागा मिळाली नाही की उघड्यावर झोपतात. आपल्या चार पैशांसाठी त्यांची एक खाट अडवायची नाही.

डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर रजया किती देतात नि सकाळी गरम पाणी मिळतं का, हे भाड्याआधी विचार. तिथली थंडी आपल्याकडच्यासारखी स्वेटरवर भागत नाही, आणि धुक्यात गाड्या तासन् तास उशिरा येतात. म्हणून मुलाखतीच्या आदल्या दिवशी सकाळी पोचेल अशीच गाडी धर, आणि खोली किती वाजता सोडायची ते पावतीवर लिहून घे.