कार्बोरेटर बदलण्याआधी

व्हायवात एक्स्टर्नलनी विचारलं, "ट्रॅक्टरचा कार्बोरेटर कुठे असतो?" तर घाबरून बॉनेटखाली बोट दाखवू नका. प्रश्न फसवा आहे. कान्ह्यापासून लोणावळ्यापर्यंत शेतात दिसणारे ट्रॅक्टर डिझेलचे. इंजेक्टर डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारतो, तिथे कार्बोरेटरचं कामच नाही.

पण पूर्वी होतं. १९१७ चा फोर्डसन रॉकेलवर चालायचा. हॅरी फर्ग्युसनचा करड्या रंगाचा छोटा टीई-२० हा ट्रॅक्टर १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत इंग्लंडात पाच लाखांवर बनला. त्याची आधीची मॉडेल्स पेट्रोलची, मग रॉकेलच्याच भावकीतल्या इंधनाची, आणि १९५१ मध्ये डिझेलचं आलं. त्याच्या स्टँडर्ड इंजिनावर झेनिथचा कार्बोरेटर खालच्या बाजूला बसवलेला असे, मिश्रण वर चढत जाई. त्याला अपड्राफ्ट म्हणतात. फायदा असा की टाकी वर असल्यामुळे इंधन आपोआप खाली येतं, वेगळा पंप लागत नाही. शिवाय नीडल अडकली तरी पेट्रोल जमिनीवर गळतं, सिलिंडरमध्ये भरत नाही. किती साधा विचार! आपल्याकडे १९६० च्या दशकात ट्रॅक्टर बनायला लागले तोवर डिझेलनं बाजी मारली होती.

मग आज हा विषय कशाला? कारण कार्बोरेटर ट्रॅक्टरवरून उतरला आणि पाण्याच्या पंपावर जाऊन बसला. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ, कुठेही नदीकाठच्या गावात जुन्या गोठ्यात डोकावा. पेट्रोलवर स्टार्ट करून रॉकेलवर चालवायचं एखादं इंजिन पोत्याखाली झाकलेलं सापडेल. २००५ नंतरच्या लोडशेडिंगच्या वर्षांत ह्या इंजिनांनी किती वाफे जगवले ते घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. रेशनचं निळं रॉकेल आता पूर्वीसारखं मिळत नाही, म्हणून बरेच जण ती नुसत्या पेट्रोलवर चालवतात.

माझ्या मामांचं असंच एक इंजिन पवना नदीच्या काठी आहे. भात निघालं की हरभरा आणि भाजीचे चार वाफे त्याच्यावर असतात. गेल्या दिवाळीत ते चालू होईना. मामा म्हणाले, "पोरी, तू इंजिनिअर होणार ना? मग सांग, कार्बोरेटर नवा टाकू का?" बाजारात 'फिट बसतो' म्हणून एक नवा दाखवला होता. पैसे देऊन झाले आणि पाणी नाहीच आलं, तर वाफे वाळणार. मी कॉन्व्हेंटची, मला हरभरा आणि वाटाण्याचं रोप आजही वेगळं ओळखता येत नाही, पण थर्मलची वही बरोबर होती.

पहिला नियम मला कामशेतच्या एका मिस्त्रींनी शिकवला: कार्बोरेटरला हात लावण्याआधी स्पार्क बघायचा. प्लग काढून बॉडीला टेकवायचा आणि दोरी ओढायची. त्याआधी प्लगच्या भोकापाशी पेट्रोल सांडलेलं नाही ना, ते पाहायचं. ठिणगी निळी पडली तर मॅग्नेटो ठीक. पिवळी, मरतुकडी पडली तर कार्बोरेटर बिचारा निर्दोष आहे! मामांच्या इंजिनाची ठिणगी निळी होती.

दुसरा प्रश्न, नवा तो 'फिट बसणारा' चालेल का? दोन बोल्टमधलं अंतर जुळलं म्हणजे कार्बोरेटर जुळला असं नाही. बघायची ती व्हेंचुरी, म्हणजे आतला अरुंद गळा. समजा इंजिन २०० सीसी, फोर स्ट्रोक, ३००० आरपीएम. मिनिटाला १५०० वेळा श्वास घेणार, म्हणजे ३०० लिटर. व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी ७५ टक्के धरली तर २२५ लिटर. सेकंदाला ०.००३७५ घनमीटर. पण सिंगल सिलिंडर चारपैकी एकाच स्ट्रोकला हवा ओढतो, म्हणून त्या वेळचा प्रवाह चौपट, ०.०१५. गळ्यात हवेचा वेग सेकंदाला ९० मीटर हवा असेल तर क्षेत्रफळ साधारण १६७ चौरस मिमी आणि व्यास साडेचौदा मिमी. नव्या कार्बोरेटरचा गळा व्हर्निअरनं मोजला तर २२ मिमी! एवढ्या रुंद गळ्यात हवा रेंगाळते, दाब पुरेसा उतरत नाही, आणि लोड आला की इंजिन खोकतं. बर्नोलीसाहेब फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरापुरतेच नसतात तर.

म्हणून जुनाच दुरुस्त करायचा ठरलं. खोलण्याआधी मिक्स्चर स्क्रू हलकेच आत फिरवून किती आटे जातो ते मोजून लिहून ठेवा. जोरानं आवळू नका, टोक चेपतं. फ्लोट बाऊल उघडला तेव्हा तळाला पांढरट पूड आणि मधासारखा चिकट थर होता. पूड म्हणजे पाण्यानं खाल्लेला धातू, थर म्हणजे शिळं पेट्रोल. जेट क्लीनरमध्ये भिजवा आणि हवेनं फुंका. भोकात तार घालू नका, एवढी विनंती! पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि ते डोळ्यांना दिसतही नाही. फारच अडलं तर टूथब्रशचा एक केस पुरतो.

पितळी फ्लोट कानाशी हलवा. आत खळखळ ऐकू आली तर भोक आहे. गरम पाण्यात बुडवला की तिथून बुडबुडे येतात. आधी आतलं पेट्रोल पूर्ण काढा आणि मग शिसं लावा, नाहीतर हात भाजेल. शिसंही चिमूटभरच, कारण फ्लोट जड झाला की बाऊलमधली पातळी चढते. नीडलच्या टोकावर गोल चर दिसला तर नीडल बदलायचीच, सीटसकट. तपासायला फ्लोट उलटा धरून इंधनाच्या नळीतून फुंकायचं, हवा जाता कामा नये. हा भाग कंटाळवाणा आहे, पण गरम सायलेन्सरवर पेट्रोल सांडतं ते इथूनच, आणि गोठ्यात कडबाही असतो.

सगळ्यात दुर्लक्षित दुखणं म्हणजे थ्रॉटलच्या दांडीची झीज. दांडी खुळखुळते, बाजूनं चोरटी हवा आत जाते, आणि माणूस मिक्स्चर स्क्रू फिरवत बसतो. चालू इंजिनात दांडीच्या बुडाशी ऑइलचे दोन थेंब सोडा. आवाज बदलला तर एअर घेतोय. इलाज पितळी बुशचा. आपल्या वर्कशॉपमधल्या लेथवर तो तासाभरात निघतो (सर, जॉब नंबरशिवाय केला, पण रॉड माझ्या पैशाचा होता). कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मधलं जाड काळं पॅकिंग फेकू नका. ते उष्णता अडवतं. रॉकेलच्या इंजिनाचा मॅनिफोल्ड मुद्दाम तापता ठेवलेला असतो. तिथे पेट्रोल आधीच उकळायला लागलं तर इंजिन बंद पडतं.

आता जेटचं बघू. इथे मावळची गंमत आहे. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरवर. हवा सहा टक्के विरळ, म्हणून मिश्रण आपोआप तीन टक्के रिच होतं. उलट २०२५ पासून पंपावर मिळणारं पेट्रोल ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. शुद्ध पेट्रोलला वजनानं १४.७ पट हवा लागते, ई-२० ला १३.५ पट. म्हणून जुन्या जेटवर मिश्रण आठेक टक्के लीन. वजाबाकी केली तर आपल्याकडे पाच टक्के लीन उरतं. क्षेत्रफळ पाच टक्के वाढवायचं म्हणजे व्यास अडीच टक्के. जेटवर मिलिमीटरच्या शंभरांशात ८० लिहिलं असेल तर ८२ चा लावायचा. पुण्यात नाना पेठेत जुना जेट हातात धरून फिरायचं, आकडा बघूनच घ्यायचा. मिळाला नाही तर आधी मिक्स्चर स्क्रूवर भागतं का पाहा. तो मुख्यतः मंद चालीपुरताच असतो, म्हणून लोडवर प्लगचा रंग तपासा. पांढराफटक प्लग म्हणजे अजून लीन.

इथेनॉल आणखी एक उद्योग करतं, पाणी ओढतं. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिमीच्या वर पाऊस पडतो, तिथे अर्धी भरलेली टाकी जून ते सप्टेंबर तशीच ठेवली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतं. मग पुन्हा तीच पांढरी पूड. संशय आला तर तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरा, दोन थर दिसतील. जुन्या रबरी नळ्याही यात फुगतात, इथेनॉलला टिकणारी नळी मागून घ्या.

मामांचं इंजिन आता दुसऱ्या दोरीला धरतं. रोजचं काम संपलं की ते स्विचनं बंद करत नाहीत. आधी कॉक बंद करतात आणि बाऊल रिकामा होऊन इंजिन आपोआप थांबेपर्यंत तिथेच बांधावर बसून राहतात. मे संपताना टाकीही उपसून ठेवायची ठरली आहे.