परसातील खळ्याची फरसबंदी : आधी जमीन तयार करा

महाड-पोलादपूर भागात दर वर्षी पाऊस ओसरला की खळे नव्याने करावे लागते. गवत तासायचे, पाणी शिंपडायचे, चोपण्याने चोपायचे आणि शेणाने सारवायचे. हळवे भात तयार होते तेव्हा परतीचा पाऊस अजून गेलेला नसतो आणि एका सरीत सारवण उखडते. म्हणूनच अलीकडे परसात सिमेंटचे ठोकळे किंवा जांभ्याचे चिरे बसविण्याकडे कल वाढला आहे. कल चांगला आहे, परंतु ठोकळे खचतात ते बहुधा खालच्या जमिनीमुळे.

प्रथम जागा. आपल्याकडे घरे डोंगरउतारावर असतात व सपाट जागेसाठी मागचा डोंगर तासण्याचा मोह होतो. तो कृपया टाळावा. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे आणि २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे काय झाले ते आपण जाणताच. तेथील दरडी कोणाच्या खळ्यामुळे आल्या असे नव्हे. पण उताराचा पायथा कापला की वरच्या मातीचा आधार जातो, हे कोठेही खरे आहे. जागा कमी असेल तर खळे लहान करावे. वरच्या अंगाला पाणी अडविणारा चर काढून तो बाजूच्या ओहोळाला जोडावा.

पाण्याचा हिशोब करून पाहा. २० फूट × १५ फूट खळ्यावर दिवसात १०० मि.मी. पाऊस पडला तर सुमारे २,८०० लिटर पाणी होते. छपराच्या पागोळ्या वेगळ्याच! म्हणून उतार जोत्यापासून बाहेरच्या बाजूला, दर ५ फुटांस १ इंच द्यावा. १५ फुटांत तो ३ इंच होतो. डोळ्यांवर विसंबू नये. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांना खुंट्या माराव्यात व दोरी ताणावी. खळ्याचा माथा जोत्यापेक्षा निदान ६ इंच खाली असावा.

आता खोदाई. ठोकळा अडीच इंच, कच सव्वा इंच व मुरूम-खडीचा थर ५ इंच मिळून पावणेनऊ इंच होतात. माथा जमिनीपासून २ इंच वर ठेवला तर सुमारे ७ इंच खोदावे. मुळ्या व काळी भुसभुशीत माती पूर्ण काढावी. सावित्री-गांधारीकाठच्या चिकण जमिनीत ३ इंच अधिक खोदून मुरूम भरावा, कारण अशी माती ओली झाली की फुगते आणि उन्हात भेगाळते. उतारावरच्या तांबड्या मुरमाड जमिनीत याची गरज सहसा पडत नाही.

मुरूम एकदम ओतू नये. ३-४ इंचांचा थर पसरून धुमसाने ठोकावा, मगच दुसरा घालावा. ओल किती हवी? मूठभर मुरूम दाबला असता गोळा व्हावा, पण हाताला चिखल लागू नये. मी माझ्या घरी एका बाजूला दीड फूट भराव टाकून त्याच उन्हाळ्यात ठोकळे बसविले होते. आषाढात ती बाजू खचली व पाणी उलट जोत्याकडे येऊ लागले. भराव असल्यास एक पावसाळा जाऊ द्यावा, खळगे पुन्हा ठोकून भरावेत आणि मग दिवाळीनंतर काम घ्यावे.

कडेला चिरे सिमेंटात पक्के बसवावेत, नाहीतर ठोकळे बाहेर सरकतात. कच पट्टीने सारखा करून त्यावर पाय देऊ नये. सांध्यांत कोरडी बारीक वाळू झाडूने भरावी. पहिल्या पावसानंतर ती पुन्हा भरावी लागते.

भात मात्र थेट ठोकळ्यांवर वाळवू नये. दाणे सांध्यांत जातात आणि दुपारी तापलेल्या ठोकळ्यावर दाण्याला चीर पडून गिरणीत कणी वाढते. ताडपत्री अंथरून १ ते दीड इंचाचा थर द्यावा व अर्ध्या-अर्ध्या तासाने पाय फिरवावा.