बरणीतला तुकडा आणि बातमीतलं विज्ञान

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. सोलापूर-धाराशिवच्या पट्ट्यात, एका तालुक्याच्या गावी माझी लॅब आहे. पेशंटला सर्जन आठवतात, केमो देणारी सिस्टर आठवते. पण त्याच्या गाठीचा तुकडा काचेवर पाहून ती साधी की वाईट हे ठरवणारी बाई त्याला सहसा भेटतच नाही. हल्ली मात्र नातेवाईक मला शोधत येतात. हातात मोबाइल, मोबाइलमध्ये कॅन्सरवरच्या नव्या शोधाची बातमी. ‘मॅडम, हे आपल्याकडं होतं का?’ या प्रश्नाला उत्तरं देता देता जे उमजत गेलं ते इथं लिहितेय. क्रमाला फारसा अर्थ नाही, पहिला मुद्दा सोडून.

१. आधी फॉर्मॅलिन

जनुकांची तपासणी असो की संगणकाने वाचलेली स्लाइड, सगळं त्या तुकड्यावर अवलंबून असतं. आणि तुकडा शरीराबाहेर आला की खराब व्हायला लागतो. म्हणून तो १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये टाकायचा. तासाभराच्या आत, आणि तुकड्याच्या साधारण दहापट द्रवात. फॉर्मॅलिन आत मुरतं ते ताशी एखादा मिलिमीटर. म्हणजे काढलेलं अख्खं स्तन बरणीत बुडवून झाकण लावलं तर मधल्या गाठीपर्यंत ते रात्रभरात पोचतच नाही. आधी चिरा द्याव्या लागतात, मग बुडवावं लागतं. स्तनाच्या नमुन्यासाठी किमान ६ तास आणि जास्तीत जास्त ७२ तास, हा आता जगभर पाळला जाणारा नियम आहे.

एका मे महिन्यात एका रुग्णालयातून असाच नमुना आला. सलाइनमध्ये ठेवलेला, डबा कॅरीबॅगेत बांधलेला. ऑपरेशन शनिवारी दुपारी, माझ्या टेबलावर सोमवारी सकाळी. कॅन्सर आहे एवढं दिसत होतं. पण पुढचा प्रश्न होता इस्ट्रोजेन रिसेप्टरचा. तो असला तर टॅमॉक्सिफेनसारखी स्वस्त गोळी पाच वर्षं आणि त्याहूनही जास्त काळ बाईला सांभाळते. नासलेल्या तुकड्यात रिसेप्टर असूनही दिसत नाही. अशा वेळी ‘निगेटिव्ह’ एवढंच लिहून टाकलं की त्या बाईची गोळी गेली. मी ‘नमुना या तपासणीस योग्य नाही’ असं लिहिलं आणि आधीच्या सुईच्या बायोप्सीचा मेणात बसवलेला ब्लॉक मागवला. त्यावर रिसेप्टर ठसठशीत पॉझिटिव्ह निघाला.

तेव्हापासून आसपासच्या सर्जनांकडे लॅबमधूनच भरलेल्या बरण्या जातात. लेबलवर दोन रकाने असतात, तुकडा काढल्याची वेळ आणि बरणीत टाकल्याची वेळ. पहिल्या वर्षी निम्मे रकाने कोरे यायचे. मग मी सर्जनऐवजी थिएटरमधल्या सिस्टरला फोन करायला लागले आणि काम मार्गी लागलं.

२. सुईने गाठ चवताळत नाही

आमच्याकडे ही समजूत फार घट्ट आहे. ‘हात लावला की पसरते’ म्हणून महिनोन्‌महिने लेप लावणारी माणसं मी पाहिली आहेत. त्या महिन्यांत गाठ पसरते, आणि मग सुई लावल्यावर ते लक्षात येतं, एवढीच त्यामागची गोम. पण ही समजूत पूर्ण खुळी आहे असंही मी म्हणणार नाही. हाडाच्या किंवा स्नायूच्या सारकोमामध्ये सुई कुठून घालायची हे पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जननेच ठरवावं, कारण तो सुईचा मार्गही त्याला गाठीबरोबर काढावा लागू शकतो. वृषणाच्या गाठीत तर सुई घालायचीच नसते. जांघेतून चीर देऊन वृषणच काढतात. म्हणून ‘बायोप्सी नको’ म्हणण्यापेक्षा ‘बायोप्सी कोण, कुठून करणार?’ हे विचारावं.

३. रिपोर्टमधला आकडा जपा

स्तनाच्या कॅन्सरमध्ये हर-टू नावाच्या प्रथिनाला आम्ही ०, १+, २+, ३+ असे गुण देतो. वर्षानुवर्षं ३+ म्हणजे पॉझिटिव्ह, त्याला ट्रास्टुझुमॅब हे औषध. ० आणि १+ म्हणजे निगेटिव्ह. २+ आला की जनुकाची आणखी एक तपासणी करायची. रिपोर्टवर बरेचजण आकडा न लिहिता नुसतं ‘निगेटिव्ह’ लिहायचे आणि त्याने कुणाचं अडत नव्हतं. २०२२ मध्ये एक आंतरराष्ट्रीय चाचणी प्रसिद्ध झाली. आजार पसरलेल्या, १+ गुणांच्या, तसंच २+ पण जनुक-तपासणीत निगेटिव्ह आलेल्या पेशंटना ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकॅन या औषधाने नेहमीच्या केमोपेक्षा जास्त आयुष्य मिळालं. एका निकालाने ० आणि १+ मधला फरक उपचाराचा झाला. औषध आमच्या बहुतेक पेशंटच्या आवाक्याबाहेर आहे, ते वेगळं. पण ज्याच्या जुन्या रिपोर्टवर आकडाच नाही, त्याला पुन्हा ब्लॉक शोधत फिरावं लागतं.

४. एक मोठा शोध आमच्याच गावांमधून गेला

परदेशातली बातमी घेऊन येणाऱ्यांना मी हमखास हे सांगते. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलचं नाव या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीला सुरू झाली. त्या पायावर १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर एक प्रचंड चाचणी उभी राहिली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. गावांचे ५२ गट केले आणि ते चार भागांत वाटले. एका भागात एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, तिसऱ्यात गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखं आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणं, चौथ्यात नेहमीचीच व्यवस्था. तपासणी आयुष्यात एकदाच.

२००९ मध्ये निकाल आला. चौथ्या भागात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ६४ बायका दगावल्या होत्या, एचपीव्ही तपासणीच्या भागात ३४. दोन्हीकडे बायकांची संख्या जवळपास सारखीच, तीस हजारांच्या वर. पॅप स्मिअर आणि आम्लाच्या तपासणीने मृत्यू म्हणण्यासारखे घटले नाहीत. मी उमेदीची वर्षं पॅप स्मिअरच्या काचा बघण्यात घातली आहेत, तेव्हा हे वाचून मला आनंद झाला असं कसं म्हणू? पण आकडे आपल्या आवडीनिवडी विचारत नाहीत.

चौथ्या भागातल्या बायकांना तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे बरीच टीका झाली, आणि ती गैरलागू नव्हती. मला मात्र जास्त टोचतं ते नंतरचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत एचपीव्ही तपासणीलाच पहिली पसंती दिली. नमुना बाईने स्वतः घेतला तरी चालतो असंही सांगितलं. आणि त्याच सुमारास आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी एकदा तरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. ज्या बायकांनी जगाला पुरावा दिला, त्यांच्या लेकी-सुना अजून माझ्याकडे येतात त्या अंगावरून रक्त जायला लागल्यावरच.

५. स्वस्त औषधावरचं संशोधन बातमीत येत नाही, म्हणून ते विचारून घ्यावं

टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटाने स्तनाच्या ऑपरेशनआधी सात ते दहा मिनिटं गाठीभोवती लिडोकेनचं इंजेक्शन देऊन पाहिलं. दात काढताना भूल देतात ना, तेच औषध. देशातली ११ केंद्रं, १,६०० बायका. सहा वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ वर गेलं. खर्च शंभर रुपयांच्या आत. एका चाचणीवर सगळा भार टाकू नये हे खरं. पण हेच इंजेक्शन लाखाचं असतं तर त्याची जाहिरात तुम्ही सकाळी चहाबरोबर वाचली असती.

तोंडाच्या कॅन्सरचंही तसंच. मशेरी आणि गुटख्याच्या कृपेने माझ्या टेबलावर याला तोटा नाही. गाठ लहान असली आणि मानेत काही लागत नसलं की पेशंट विचारतो, ‘मग मान कशाला कापायची?’ याचं उत्तर २०१५ मध्ये टाटाच्याच डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी दिलं. मानेतल्या गाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के लोक जिवंत होते. उगवल्यावर काढू म्हणून थांबलं तर ६७.५ टक्के. यात नवं यंत्र नाही, नवं औषध नाही. नेमकेपणाने विचारलेला प्रश्न आणि वर्षानुवर्षं पेशंटचा पाठपुरावा करणारी माणसं, बस्स.

निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं महागडं औषध. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. मुंबईत डोक्या-मानेच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये केमोच्या गोळ्यांसोबत ते दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिलं, तर वर्षभर जगलेल्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. कंपनीने हा प्रयोग कधी केला असता?

६. संगणक काच वाचेल, पण काच चांगली हवी

स्वीडनमध्ये ऐंशी हजार बायकांच्या मॅमोग्राफीच्या चाचणीत निम्म्यांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली; डॉक्टरांचं वाचनाचं काम ४४ टक्क्यांनी कमी झालं आणि कॅन्सर सापडण्याचं प्रमाण घटलं नाही. उद्या संगणक माझ्या काचाही वाचेल, मला याची भीती वाटत नाही. एकटीने रोजचा ढीग उपसणाऱ्या बाईला दुसरी नजर मिळाली तर हवीच आहे. पण चुरगळलेला, जाड कापलेला, फिका रंगलेला सेक्शन संगणकापुढे ठेवला तर तोही तेवढाच चाचपडणार. आमचे मायक्रोटोमवाले काका तीन-चार मायक्रॉनचा सेक्शन पाण्यावर असा अलगद सोडतात की सुरकुती पडत नाही. त्यांच्यानंतर हे काम शिकायला गावात कुणी तयार नाही, ही माझी खरी काळजी आहे.

७. ‘आईला सांगू नका’

रिपोर्ट घ्यायला मुलगा येतो, नाहीतर जावई. ‘मॅडम, तिच्या हातात कागद देऊ नका, ती खचेल.’ मी वाद घालत नाही. एवढंच विचारते, केमोच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवरची बाई सांगेल तेव्हा काय करणार? एक आजी मात्र स्वतःच आल्या, लेकाला बाहेर बाकावर बसवून. म्हणाल्या, ‘जनआरोग्य योजनेला माझे एवढे कागद लावलेत. साध्या गाठीला एवढे कागद लागत नाहीत, बाई. काय ते सांग.’ मी सांगितलं. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या: केस जातील का, आणि दिवाळीपर्यंत घरी येईन का. मग बाहेर जाऊन त्यांनीच लेकाला सावरलं.

८. दुखणं कमी करणं हाही उपचारच

लोक पॅलिएटिव्ह म्हटलं की हात टेकले असं समजतात. २०१० मध्ये बोस्टनमध्ये फुफ्फुसाचा पसरलेला कॅन्सर असलेल्या १५१ जणांवर अभ्यास झाला. निम्म्यांना सुरुवातीपासून नेहमीच्या उपचारांबरोबर वेदना, श्वास, मन यांची काळजी घेणारी टीम दिली. ते जास्त समाधानात राहिलेच, शिवाय जास्त जगलेही, मध्यक काढला तर ८.९ ऐवजी ११.६ महिने. आणि शेवटच्या दिवसांत त्यांना जोरकस उपचार कमी मिळाले होते. न्यूयॉर्कमध्ये पेशंटना घरूनच आपला त्रास कळवायची सोय दिली, त्रास वाढला की नर्स फोन करायची. २०१७ मध्ये त्याचा निकाल आला, तोही आयुष्य वाढल्याचाच. पुण्यात वारज्याला सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून विनामूल्य चालतं. मी तिथलं नाव दिलं की नातेवाईकांचे चेहरे उतरतात. ‘म्हणजे संपलं का, मॅडम?’ नाही. म्हणजे आज रात्री झोप लागेल.

मळमळीवरचं ओलान्झापिन १० ऐवजी २.५ मिलिग्रॅम दिलं तरी काम भागतं आणि दिवसा गुंगी कमी येते, हेही आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी दाखवलं. केमो घेणाऱ्याला विचारा, त्याच्या लेखी हा शोध केवढा मोठा आहे.

९. बातमी वाचताना तीन प्रश्न

उंदरांवर की माणसांवर? तुलना कशाशी? आणि लोक जास्त जगले, की नुसती स्कॅनमधली गाठ काही काळ थांबली? एवढं विचारलं तरी मोबाइलमधल्या बहुतेक बातम्या तिथंच थांबतात.

१०. ब्लॉक मागा

मुंबईला किंवा कुठंही दुसरं मत घ्यायला जाताना नुसता रिपोर्ट आणि स्लाइड नेऊन चालत नाही, मेणाचा ब्लॉकही लागतो. तुमचा तुकडा त्या मेणात वर्षानुवर्षं टिकतो आणि उद्या निघणारी नवी तपासणी त्याच्यावरच होणार असते. लॅबमधून सही करून घ्या, पावती ठेवा, काम झालं की परत आणून द्या. आणि उन्हाळ्यात गाडीच्या काचेपाशी ठेवू नका, मेण वितळतं. परवा एकाने ब्लॉक स्टीलच्या जेवणाच्या डब्यात, ओल्या फडक्यात गुंडाळून नेला. वर मला म्हणाला, ‘थंड राहावा म्हणून.’ ओलं फडकं काढायला लावलं, डबा चालेल म्हटलं.