त्याने वाचन सोडलं

भाषांतरं करायला लागून तेव्हा मला तीनच वर्षं झाली होती आणि शब्दकोश फारसा उघडावा लागत नाही याचा थोडा ताठाही आला होता. एका दिवाळी अंकासाठी ऑस्कर वाइल्डवरचा इंग्रजी लेख मराठीत करायला घेतला. त्याच्या तुरुंगवासाचा परिच्छेद ‘रीडिंग’ या शब्दानेच सुरू होत होता. मी लिहिलं, ‘वाचनाने त्याला अंतर्बाह्य बदलून टाकलं.’ वाक्य झकास बसलं. मंडालेत ‘गीतारहस्य’ लिहिणाऱ्या टिळकांची गोष्ट शाळेपासून ऐकलेली. कोठडीत पुस्तकांनी तारलेला लेखक म्हटल्यावर मला कसली शंका येणार?

पानभर पुढे पुन्हा तोच शब्द आला. मी केलं, ‘मे १८९७ मध्ये त्याने वाचन सोडलं.’ या वेळी शब्द वाक्याच्या मधोमध होता आणि त्याचं पहिलं अक्षर कॅपिटल होतं. ते दिसलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. दिसलं, पण मनाने दखल घेतली नाही.

मुद्रितं आली. मुद्रितशोधक सत्तरीचे गृहस्थ, शिसपेन्सिलीने समासात बारीक प्रश्नचिन्ह काढणारे. फोनवर म्हणाले, “अहो, हा माणूस वाचनाने बदलला म्हणता आणि लगेच त्याने वाचन सोडलं म्हणता. मग बदलला तो कशाने?”

रेडिंग हे लंडनच्या पश्चिमेचं गाव. स्पेलिंग वाचनाचं, उच्चार मात्र रेडिंग. १८९५ मध्ये वाइल्डला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली आणि त्यातला बराचसा काळ त्याने तिथल्या तुरुंगात काढला. त्या तुरुंगावरची त्याची दीर्घ कविता १८९८ मध्ये प्रसिद्ध झाली, तीही आधी त्याच्या नावाने नव्हे, तर ‘सी. ३. ३.’ या कोठडीच्या क्रमांकाने. कवितेच्या शीर्षकातही हे गाव आहे. पण लेखात ती नुसती ‘ती कविता’ म्हणून आली होती, कारण इंग्रजी वाचकाला ते सांगायची गरज नव्हती.

या चुकीत आपल्या लिपीचाही हात आहे, असं माझं मत आहे. देवनागरीत लहानमोठी अक्षरं नाहीत. विशेषनाम आपण संदर्भाने ओळखतो. ‘पालीला दर्शनाला जाऊन आलो’ म्हटलं की कुणी भिंतीकडे बघत नाही. पण त्यासाठी पाली हे गाव आधी माहीत असावं लागतं. परक्या भूगोलात ती माहिती नसते, आणि कॅपिटलवर थांबायची सवयही नसते.

तेव्हापासून इंग्रजी मजकूर हातात आला की आधी नुसता कॅपिटल अक्षरांसाठी चाळतो. वाक्याच्या सुरुवातीला आणि सगळ्या मोठ्या अक्षरांतल्या मथळ्यात ही खूण निकामी होते. तिथे तोच शब्द मजकुरात इतरत्र कसा आलाय ते बघायचं. पुस्तकाला सूची असेल तर ती भाषांतराआधी वाचायची. आणि कोशाआधी नकाशा उघडायचा. फ्रान्सचं नीस, क्रोएशियाचं स्प्लिट, आयर्लंडचं कॉर्क, अलाबामातलं मोबील ही सगळी शहरं इंग्रजीच्या साध्या शब्दांच्या वेषात फिरतात.

विचित्र वाक्य झालं तर एक वेळ बरं. १५२१ मध्ये मार्टिन ल्यूथरला जर्मनीतल्या वोर्म्स शहरी भरलेल्या साम्राज्यसभेपुढे उभं केलं होतं. त्या सभेच्या इंग्रजी नावाचं शब्दशः मराठी ‘अळ्यांचा आहार’ असं होईल, आणि असं काही लिहून झालं की हात आपोआप थांबतो. धोका आहे तो अर्थ लागणाऱ्या चुकीचा. ‘नोकरीतला संयम’ हे वाचताना कुणाला खटकेल? मुळात तो बायबलमधल्या ईयोबाचा संयम असतो. त्याचं इंग्रजी स्पेलिंग आणि नोकरीचं स्पेलिंग एकच. वैद्यकीय मजकुरात तर जास्तच जपावं. डाउन सिंड्रोममधला डाउन म्हणजे ‘खाली’ नव्हे. १८६६ मध्ये त्या स्थितीचं वर्णन करणारे डॉक्टर जॉन लँग्डन डाउन. मूत्रपिंडाच्या जुन्या ‘ब्राइट्स डिसीज’मध्येही काही तेजस्वी नाही, ते रिचर्ड ब्राइट. आई-वडिलांच्या हातात पडणाऱ्या माहितीपत्रकात ‘खालावलेला’ असा शब्द गेला तर काय होईल, या विचाराने मी तसली कामं आजही डॉक्टर मित्राला दाखवल्याशिवाय देत नाही.

ते मुद्रितशोधक गिरणगावातले. मी कान पकडल्यावर हसले आणि म्हणाले, “आमचं काय वेगळं? लालबागच्या मसाला गल्लीत वाढलो. शेजारचं स्टेशन करी रोड. चाळीतली सगळी पोरं धरून चाललेली, की मसाल्यामुळेच हे नाव. फलाटावर इंग्रजी पाटी रोज बघायचो. तीत ‘ई’ आहे, हे पंचविशीत कळलं. करी हा रेल्वेतला साहेब होता.”

मग त्यांनी विचारलं, “बरं, ‘वाचन’ खोडून काय लिहू? रीडिंग की रेडिंग?”